कटर का मोडतो?

धातू कापणे म्हणजे जोर लावणे, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहिले तर धातू कापणे हा हिशोब आहे. मी पेशाने गणित शिकवणारा. माझ्या हातात खडू असतो, कटर नव्हे. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये काय, मिलिंग मशीनवर उभा असलेला पोरगा दिवसभर गुणाकार-भागाकारच करीत असतो. त्याला तसे कोणी सांगत नाही, एवढेच! मग एंड मिल मोडली की मालक म्हणतात, "तुझा हातच जड." कटर गेला, जॉब गेला, आणि कधीकधी पोराची मजुरीही गेली. म्हणून कटर का मोडतो, ते आपण जरा शांतपणे पाहू या.

एंड मिल दिसायला ड्रिलसारखी. पण ड्रिल टोकाने कापते, आणि एंड मिल मुख्यतः कडेने. काहींचे दात टोकाच्या मध्यापर्यंत पोचलेलेच नसतात. अशी एंड मिल सरळ खाली घुसवली तर मधला धातू कापला जाणार कसा? तेव्हा घेतानाच टोक निरखून पाहा.

पुढचा प्रश्न दातांचा. दात जितके अधिक, तितकी कीस बाहेर पडायला जागा कमी. ॲल्युमिनियमचा कीस चिकट. त्याला ऐसपैस वाट हवी, म्हणून तिथे दोन किंवा तीन दात बरे. पोलादाला चार. खाचा उथळ असल्याने कटरचा गाभा जाड राहतो आणि तो ताठ उभा राहतो.

आता कटर कशाचा? हाय स्पीड स्टील जगाने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिले. ते अमेरिकेतल्या टेलर आणि व्हाइट या दोघांचे काम. कारखान्यात ज्याला आपण 'विडिया' म्हणतो, ते नाव जर्मनीच्या क्रुप कारखान्याने १९२६ साली बाजारात आणले. त्याचा अर्थच मुळी 'हिऱ्यासारखे'. विडिया उष्णता सोसते, पण धक्का सोसत नाही. मशीन जुने, खिळखिळे असेल तर हाय स्पीड स्टीलच घ्यावे, हे बरे.

आता थोडे गणित करू. घाबरू नका! १० मिलिमीटरचा, चार दातांचा हाय स्पीड स्टीलचा कटर साध्या पोलादावर मिनिटाला सुमारे २५ मीटर वेगाने चालवायचा आहे. एका फेऱ्यात कटरची धार ३१.४ मिलिमीटर चालते. २५,००० ला ३१.४ ने भागा. मिनिटाला साधारण ८०० फेरे आले. दर दाताने ०.०५ मिलिमीटर कापायचे, तर चार दात मिळून फेऱ्याला ०.२, म्हणजे फीड मिनिटाला १६० मिलिमीटर.

पण पोरगा भीतीपोटी फीड ४० वर आणतो. तेव्हा दाताच्या वाट्याला ०.०१२५ एवढेच येते. एवढ्या पातळ थरात धार नीट शिरत नाही. ती नुसती घासत राहते, तापते आणि बोथट होते. हळू चालवले की सुरक्षित, हे बैलगाडीचे शास्त्र आहे. कटरला ते लागू नाही.

दुसरे कारण लांबीचे. कटर कोलेटबाहेर २० ऐवजी ४० मिलिमीटर काढला, तर तितक्याच दाबाने तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. व्यास निम्मा केला तर सोळापट! जॉबची भिंत वरून मापात आणि तळाशी जाड निघाली, तर कटर वाकला असे समजा. जॉबला पुरेल इतकाच आखूड आणि मावेल तितका जाड कटर घ्या. आणि शेवटच्या हलक्या कटासाठी थोडा धातू राखून ठेवा.

मशीन किंचाळू लागले तर फीड कमी करू नका. आधी कटर आखूड धरा, मग फेरे कमी करा. एकच दात लवकर झिजत असेल तर कोलेट पुसा आणि डायल लावून पाहा. दोन दातांच्या कटरचा एक दात दुसऱ्यापेक्षा ०.०२ ने बाहेर असेल, तर ठरवलेल्या ०.०५ ऐवजी तो ०.०७ कापतो, दुसऱ्याला ०.०३ उरते. एकाच बैलाने गाडा ओढावा, तसे हे झाले. ॲल्युमिनियम धारेला चिकटू लागले, तर कूलंट थेट धारेवर सोडा आणि खाचेतला कीस साचू देऊ नका.

शेवटी एक साधी गोष्ट. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा: धातू कोणता, कटर कोणता, फेरे किती, फीड किती, कटर बाहेर किती. महिनाभरात ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमच्या मशीनबद्दल अधिक सांगेल. आणि मालकांनाही एक विनंती: पुढच्या वेळी कटर मोडला, तर पोराच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी ती वही उघडून पाहा. दोष बहुधा आकड्यात सापडेल. आणि आकडा दुरुस्त करायला कुणाची मजुरी कापावी लागत नाही.