जांभळ्या रंगाचे बेट



2022 चा फुटबॉल विश्वचषक आपल्यापैकी अनेकांनी रात्री जागून पाहिला. त्याचा पहिला सामना कतारमध्ये अल खोर या गावच्या मैदानावर झाला. यजमान कतारच्या खेळाडूंच्या अंगावर गडद लाल, जांभळटाकडे झुकणारा रंग होता. त्यांच्या झेंड्याचा रंगही तोच. या रंगाची एक फार जुनी कहाणी त्या अल खोर गावाला अगदी खेटून असलेल्या एका छोट्याशा बेटावर घडली आहे. आज ती सांगायची आहे.

दोहापासून उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर अल खोरची खाडी लागते. खाडीत तिवरांचे रान आहे आणि त्यातच हे बेट. स्थानिक नाव जझीरत बिन घन्नाम, पण जगभर ते ‘जांभळे बेट’ म्हणूनच ओळखले जाते. तिथे उत्खनन करणाऱ्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना फोडलेल्या शंखांचा मोठा ढीग सापडला. त्यासोबत मोठ्या रांजणांची खापरे होती. ती बाबिलोनवर कासाइट राजे राज्य करत होते त्या काळातली, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. शंखांची संख्या जवळजवळ 30 लाख असावी, असा अंदाज आहे.

एवढे शंख फोडायचे कशासाठी? तर रंगासाठी. या समुद्री गोगलगायीच्या अंगात एक बारीकशी ग्रंथी असते. शंख फोडून ती मोकळी केली की फिकट पिवळसर स्राव निघतो. त्याला वारा आणि ऊन लागले की तो डोळ्यांदेखत हिरवा होतो, मग निळसर आणि शेवटी जांभळा. रांजणात तो कुजवून त्यात लोकर बुडवायची. घाण इतकी सुटते की असा कारखाना कोणी वस्तीत उभा राहू देणार नाही. त्या कामाला हे एकाकी बेट सोयीचे होते. इथला रंग बाबिलोनच्या श्रीमंतांच्या वस्त्रांसाठी जात असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आता रंग निघायचा किती? 1909 साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातल्या बारा हजार गोगलगायी घेतल्या. त्यातून त्याला शुद्ध रंग मिळाला अवघा 1.4 ग्रॅम. त्याच मापाने मोजले तर अल खोरच्या 30 लाख शंखांमधून साडेतीनशे ग्रॅम रंग निघतो. गोगलगायीची जात वेगळी, त्यामुळे हिशेब ढोबळच. पण कष्ट किती आणि पदरात किती, हे त्यावरून कळते. फ्रीडलेंडरने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हा रंग म्हणजे रसायनाच्या दृष्टीने आपल्या निळीचा सख्खा भाऊ. निळीच्या रेणूत समुद्रातल्या ब्रोमिनचे दोन अणू जोडले की जांभळा तयार होतो.

रंग दुर्मीळ, म्हणून तो राजांचा झाला. रोमन सम्राटांनी त्यावर कायद्याने हक्क सांगितला. त्या गोगलगायीला ग्रीक लोक ‘पोर्फिरा’ म्हणत, लॅटिनमध्ये ती ‘पुर्पुरा’ झाली आणि त्यातूनच इंग्रजीतला ‘पर्पल’ आला. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत जांभळ्या लोकरीला ‘अर्गमन्नू’ म्हणत. अरबीतला ‘उर्जुवानी’ त्याच घराण्यातला. कतारी मात्र आपल्या संघाला ‘अल अन्नाबी’ म्हणतात. उन्नाब म्हणजे एक प्रकारचे बोर, आणि अन्नाबी म्हणजे त्याच्या रंगाचा. आपला जांभळाही जांभळाच्या झाडावरूनच आला. ज्येष्ठात कुणीही खावे आणि जीभ रंगवावी, असा हा रंग. मराठीत तो कधी राजाच्या मालकीचा झाला नाही, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

पुढे 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचे क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत असताना त्याच्या हाती एक जांभळे रसायन लागले. तेव्हापासून जांभळे कापड साध्या माणसाच्याही आवाक्यात आले. कतारच्या झेंड्याला आजचे रूप 1971 मध्ये मिळाले. शंखांच्या ढिगामध्ये आणि झेंड्यामध्ये तीन हजार वर्षांचे अंतर आहे. तरी झेंड्याच्या रंगाची हकीकत सांगताना कतारमध्ये या बेटाचे नाव आवर्जून निघते. त्यात मला एक मोठेपणा दिसतो. रंग मिरवणारे राजे इतिहासाने लक्षात ठेवले. शंख फोडणाऱ्या हातांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत, आली ती त्यांच्या कामाची खूण.

कतारमध्ये आज लाखो भारतीय कामाला आहेत, त्यात आपली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांना माझे सांगणे आहे: थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन अल खोरला जा. तिवरांमधून चालत बेटावर पोहोचा आणि हा रंग कसा बनायचा ते त्यांना तिथेच सांगा. वाटेत शंखाचा तुकडा दिसला तर तो हातात घेऊन मुलांना दाखवा आणि जिथे होता तिथेच ठेवून या. त्या कामगारांचा लेखी पुरावा आपल्याकडे नाही. त्यांच्या कष्टांची साक्ष देणारे हे तुकडेच आहेत, आणि ते सांभाळणे आपल्या हातात आहे.