कळ कोणी काढायची?



सातारा-सांगलीच्या कॅज्युअल्टीत रात्री जागवणाऱ्या तुम्ही मला हे अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: मांडीचं हाड मोडलेल्या माणसाची वेदना.

हा माणूस आपल्या रोजच्या ओळखीचा. महामार्गावर दुचाकीवरून पडलेला, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, नाहीतर माण-जतकडच्या वाडीवर उंबऱ्याला अडखळून खुबा मोडलेली आजी. अशाच एका आजींना मी उमेदवारीच्या काळात विचारलं, ‘दुखतंय का?’ त्या म्हणाल्या, ‘हाय थोडं. चालंल.’ मी त्यावर विसंबलो आणि त्यांना एक्स-रेला पाठवलं. टेबलावर घेताना त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला. तो बोळा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आपली माणसं वेदना सांगत नाहीत, सोसतात; आणि न सांगितलेल्या वेदनेला औषध मिळत नाही.

म्हणून पहिलं काम विचारण्याचं. दहापैकी आकडा आजींना सांगता येत नसेल, तर ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ असं विचारा. ‘चौदा आणे’ हे उत्तर लगेच येतं. ते नाडी-रक्तदाबाशेजारी लिहा आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारा.

आधी एक्स-रे, मग अस्थितज्ज्ञ, मग वेदनाशामक, हा क्रम आता मोडायला हवा. दुखणं शमलं म्हणून मोडलेलं हाड एक्स-रेत लपत नाही. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं. स्नायू आखडतात, हाडाची टोकं हलतात, कळ वाढते. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांची १८७५ सालातली स्प्लिंट पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स यांनी आघाडीवर नेली आणि असंख्य सैनिक वाचले. पाय नीट ताणून स्थिर करणं हेही वेदनाशमनच आहे. वृद्धांत तर न शमलेली वेदना भ्रमाला वाट करून देते.

दुसरं साधन फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे जांघेजवळ भुलीचं औषध टोचून मांडीच्या नसा बधिर करणं. १९८९ साली फ्रान्समध्ये तो लहान मुलांसाठी प्रथम वर्णिला गेला. आज खुबा मोडलेल्या वृद्धांना त्याचा मोठा आधार आहे. सोनोग्राफीनं तो अधिक अचूक होतो. पण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ते यंत्र आपल्याला हवं तिथे हलवता येत नाही. यंत्र नसलं, तरी बोथट सुईचे दोन झटके ओळखायला शिकता येतात. मात्र आधी बोटांची संवेदना आणि पायाची नाडी नोंदवा, वजनावरून भुलीच्या औषधाची कमाल मात्रा काढा, मॉनिटर लावा आणि लिपिड इमल्शन हाताशी ठेवा. जबर मार असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोमचा विचार करून अस्थितज्ज्ञांशी आधी बोला.

ब्लॉक देईपर्यंत शिरेतून पॅरासिटामॉल द्या. मॉर्फिन किंवा फेंटानिल थोडं थोडं, श्वासावर लक्ष ठेवून द्या. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती ही औषधं गरजू रुग्णांपर्यंत पोहोचावीत म्हणूनच. त्यांची नोंदवही चोख ठेवू. पण कपाटाची किल्ली रात्री दोनलाही सापडली पाहिजे.

आपल्याकडे शस्त्रक्रियेची परंपरा जुनी आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं. तेव्हापासून दूरदूरची माणसं शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरतात. शस्त्रक्रियेत आपण कमी नाही. कमी पडतो ते तिच्या आधीच्या तासांत: रुग्णवाहिकेत, स्ट्रेचरवर, एक्स-रेच्या दाराशी.

त्या तासांत आपण रुग्णाला सहज म्हणून जातो, ‘जरा कळ काढा.’ आपल्या भाषेत कळ काढणं म्हणजे सोसणं. आजपासून आपल्या विभागात या शब्दांचा अर्थ शब्दशः घेऊ या. कळ रुग्णानं काढायची नाही. ती आपण काढायची, आणि त्याला एक्स-रेच्या टेबलावर उचलण्याआधी काढायची.