छापखान्यात येणाऱ्या मुलांसाठी
(गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



मी छापखान्यात काम करतो. "मुलाने संगणक शिकला, आता पुरे ना?" असे पालक विचारतात. संगणक हवाच, पण कागदही कळायला हवा. सोळा पानांच्या फर्म्यात एका बाजूला आठ पाने येतात. कोऱ्या कागदाची घडी घालून, आकडे टाकून आधी क्रम पाहावा. चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत तर चित्र धूसर दिसते.

सर्वांत मोलाचे मुद्रितशोधन. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शब्द खरे. यंत्र बिनतक्रार छापते. लग्नपत्रिकेत तिथी चुकली तर साऱ्या प्रती रद्दीत.

जावजी दादाजींनी मुंबईत खिळे घासण्यापासून सुरुवात करून १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या म्हैसूरात १९९६ पासून नोटाही छापल्या जातात. धंदा संपलेला नाही.

आपली मुले शाळेत कन्नड शिकतात, घरी मराठी बोलतात. दोन्ही भाषा तपासू शकणारा माणूस छापखान्याला हवाच असतो. पण घरात मराठी वाचन थांबले, तर उद्या आपल्याच पत्रिकेची मुद्रिते कोण वाचणार? म्हणून रोज एक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.