मनातलं सांगितलं, ते जातं कुठं?



२०१५पासून शेतकरी आत्महत्या झालेल्या जिल्ह्यांत शासनाचा प्रेरणा प्रकल्प चालतो. त्यात आपले नांदेड-लातूरही आहेत. आशाताई घरी येतात, झोप लागते का, जीव घाबरतो का, असं विचारतात. गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवतात. पण बाई बोलायला कचरते. सांगितलेलं गावभर झालं तर?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय. उपचार करणाऱ्यांनी तो पाळायचाच आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र मदतीपुरतं सांगता येतं.

कायदा दवाखान्यात लागू होतो. पण बाई पहिल्यांदा रडते ती गटाच्या बैठकीत. म्हणून डॉक्टर, समुपदेशक, आशाताई आणि आपण, सगळ्यांची रीत एकच हवी.

येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू.

एक, गटात ऐकलेलं गटातच. नवऱ्याला नाही, जावेलाही नाही.

दोन, तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुणाला सांगायचं नाही, अगदी मदतीसाठीसुद्धा.

तीन, कुणी जीव द्यायची भाषा केली, तर पहिले दोन्ही नियम बाजूला. तिला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, तिला सांगून मदत बोलवायची. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हा ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. नवी बाई गटात आली, की आधी तिला वाचून दाखवा.