समोरचा वारा आणि एका मुलीचा प्रश्न
(शिक्षक-संमेलनात दिलेले भाषण)



समुद्रप्रवासाचा पाठ आपण सारेच शिकवितो. मी नवशिक्षक असताना, पूर्वीची जहाजे वाऱ्याच्या बळावर चालत, असे वर्गात सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, वारा समोरून आला तर?" मला उत्तर येत नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी तिला दटावून खाली बसविले. त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. त्याची खंत मला आजही आहे.

उत्तर पुढे वाचनाने मिळाले. चौकोनी शिडांच्या जहाजावर उंच डोलकाठ्यांना आडव्या काठ्या लाविलेल्या असतात. त्यांस परबाण म्हणतात. शीड परबाणाला बांधून खाली सोडतात. वारा मागून आला की शीड फुगते व जहाज पुढे जाते. वारा बाजूचा असल्यास दोर ओढून परबाण फिरवितात व शीड तिरके करतात. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात्र जाता येत नाही. तेव्हा कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळत नागमोडी मार्ग काढावा लागतो. घाटरस्ता वळणे घेत चढतो, तसेच हे होय.

असे एक जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई असल्याने ब्रिटिश आरमारासाठी ते मलबारी सागवानाचे केले. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटली, तरी इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे व लोक ते पाहावयास जातात. आपल्या गावचा सुतार सागवान का वाखाणतो, हे मुलांना यावरून सहज पटेल.

हा पाठ घेताना परातीत पाणी घ्यावे. लाकडाच्या ढलपीवर काडी रोवून कागदाचे चौकोनी शीड लावावे. मुलांना प्रथम मागून व मग समोरून फुंकर घालू द्यावी. अडचण त्यांची त्यांनाच दिसेल. नंतर अंगणात खडूने नागमोडी वाट आखून त्यांना तीवरून चालवावे.

आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर "उद्या पाहून सांगतो" असे निःसंकोच म्हणावे. त्यात आपली अप्रतिष्ठा नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ते आठवणीने सांगावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.