संघटना बदलली; पुढे काय?



कामगार म्हटला की तेलकट कपड्यांतला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते कडक इस्त्रीच्या गणवेशात असतात आणि लोक त्यांना साहेब म्हणतात. मी मात्र त्यांना कामगारच म्हणतो. दुसऱ्याच्या मालकीचे विमान चालवून जो पगारावर घर चालवतो, तो कामगार नाही तर कोण? आणि आपली संघटना मतदानाने दूर सारल्यावर या सुशिक्षित कामगारांचे काय झाले, हे प्रत्येक कामगाराने समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत १९३१ साली वैमानिकांची 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' स्थापन झाली. यूएस एअरवेज या कंपनीचे वैमानिक अर्धशतकाहून अधिक काळ तिचे सभासद होते. २००५ साली ही कंपनी आणि अमेरिका वेस्ट ही दुसरी कंपनी एक झाल्या. दोन कंपन्या एक झाल्या की कामगारांच्या दोन याद्यांचीही एक यादी करावी लागते. तिथेच ठिणगी पडली.

वैमानिकाच्या जन्मात ज्येष्ठता यादी म्हणजे सर्वस्व. मोठे विमान कोणाला, कप्तानपद कोणाला, दिवाळीसारख्या सणाला सुटी कोणाला आणि मंदीत घरी कोणी बसायचे, हे सारे तीच यादी ठरवते. बरे, रुसून दुसऱ्या कंपनीत जावे, तर तिथे पुन्हा शेवटच्या क्रमांकापासून आरंभ!

दोन्हीकडचे वैमानिक एकाच संघटनेत होते. संघटनेच्या नियमाप्रमाणे प्रकरण लवादाकडे गेले. जॉर्ज निकोलाऊ या लवादाने मे २००७ मध्ये निवाडा दिला. मोठ्या विमानांवरच्या यूएस एअरवेजच्या ५१७ वैमानिकांना त्यांनी यादीत अगदी वर ठेवले. परंतु त्याच कंपनीचे जे वैमानिक विलीनीकरणाच्या वेळी कामावरून घरी बसवलेले होते, त्यांना कामावर असलेल्या सर्वांच्या खाली घातले. त्यामुळे सोळा-सतरा वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या शेजारी काही महिन्यांचा वैमानिक येऊन बसला. जुन्यांना वाटले, आयुष्य लुटले गेले. पश्चिमेकडचे म्हणत, तुमची कंपनी दोनदा दिवाळखोरीत गेलेली; आम्ही आलो म्हणून तुमच्या नोकऱ्या राहिल्या. मंडळी, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. म्हणून तर लवाद नेमला होता.

पूर्वेकडचे संख्येने जास्त होते. त्यांनी नवी संघटना उभी केली. नाव 'यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन'. तिचे वचन एकच: नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे यादी करू. एप्रिल २००८ मध्ये मतमोजणी झाली. नव्या संघटनेला २,७२३ मते, जुनीला २,२५४. जुनी संघटना गेली.

आता हिशेब मांडू. पहिली गोष्ट म्हणजे, संघटना बदलली तरी अमेरिकेतील रेल्वे व विमान कामगारांच्या कायद्याप्रमाणे जुना करार तसाच चालू राहतो. वचन जाते, करार राहतो. पूर्वेकडच्या लोकांनी दिवाळखोरीच्या काळात २००४ साली जी पगारकपात पत्करली होती, ती २०१३ पर्यंत त्यांच्या मानेवर राहिली. सलेनबर्गर हे नाव आपण ऐकले असेल. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी बिघडलेले विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जीव वाचवले. पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितले की आपला पगार ४० टक्क्यांनी कमी झाला आहे. ते याच कंपनीचे वैमानिक होते.

दुसरी गोष्ट कोर्टकचेरी. पश्चिमेकडच्या अल्पसंख्य वैमानिकांनी दावा लावला की ही संघटना आमचीही प्रतिनिधी आहे आणि तीच आम्हाला बुडवते आहे. २००९ मध्ये फीनिक्सच्या ज्यूरीने त्यांचे म्हणणे मान्य केले. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने, अजून नवा करारच झालेला नाही, दावा वेळेआधीचा आहे, म्हणून निकाल फिरवला. २०११ मध्ये काम मंदावल्याच्या आरोपावरून कंपनीच कोर्टात गेली आणि संघटनेविरुद्ध मनाईहुकूम घेऊन आली. पूर्व एका करारावर, पश्चिम दुसऱ्या करारावर. एकाच कंपनीचे कामगार एकमेकांकडे पाठ करून उभे. असे दृश्य मालकाला नको कशाला वाटेल? कारखान्याच्या फाटकावर गेली कित्येक वर्षे मी हेच पाहत आलो आहे: कामगार यादीवरून भांडत राहिले की पगाराचा प्रश्न टेबलावर येतच नाही.

२०१३ अखेर ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २०१४ मध्ये तिथल्या वैमानिकांच्या संघटनेकडे सर्वांचे प्रतिनिधित्व गेले आणि ज्या संघटनेसाठी एवढा आटापिटा केला, ती सहा वर्षांत बाजूला पडली. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने ठरवले की तिने अल्पसंख्य सभासदांना न्याय्य वागणूक देण्याचे कर्तव्य मोडले. यादीच्या कामात भाग घ्यायचा असेल तर तिने निकोलाऊ-निवाड्याचीच बाजू मांडावी. २०१६ मध्ये नव्या लवादाने पूर्व-पश्चिम क्रमासाठी तोच निवाडा पायाला धरला. नऊ वर्षांची पायपीट, आणि पुन्हा त्याच दारात!

आपल्या घरातही असे घडले आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन बाजूंच्या वैमानिकांच्या दोन संघटना राहिल्या. नव्या ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण कोणाला, यावरून मे २०१२ मध्ये एका बाजूचे वैमानिक कामावर आले नाहीत. व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. जवळजवळ दोन महिन्यांनी, जुलैत, ते कामावर परतले.

कोणी म्हणेल, म्हणजे वाईट संघटनाही डोक्यावर घेऊन बसायची काय? नाही. संघटना बदलण्याचा हक्क कामगाराचा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ लागला तर मी आधी फाटकावर उभा राहीन. जुन्या संघटनेने पूर्वेकडच्यांचे दुःख पुरेसे ऐकून घेतले की नाही, हा प्रश्नही खरा आहे. पुढारी सभासदाशी बोलेनासा झाला की सभासद मतपेटीतून बोलतो. पण मतपेटी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे नीट ओळखले पाहिजे. ती पुढारी बदलते. दोघांनी मिळून नेमलेल्या पंचाचा निवाडा ती पुसू शकत नाही. एक्कावन्न माणसांनी एकोणपन्नासांचे ताट ओढून घ्यायचे ठरवले, तर ती लोकशाही नव्हे. आणि त्या एकोणपन्नासांची वर्गणी घेणारी ती संघटनाही नव्हे.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात आहे. ज्याला आपल्या संघटनेचा राग आला असेल त्याने सभेला जावे, हिशेब मागावा, निवडणूक लढवावी. तरीही नाइलाज झाला तर संघटना बदलावी. पण बदलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. नवा माणूस जे वचन देतो आहे, ते देणे त्याच्या हाती आहे काय? आणि त्या वचनाची किंमत आपल्याच शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या खिशातून जाणार आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर त्या मतदानात कोणीही निवडून येवो, मालक जिंकला असे समजावे.