आईची उचल लेकीच्या माथी?

चौल-रेवदंडा परिसरातल्या बचतगटांच्या वतीने आज आम्ही तुमच्याशी बोलतोय.

मागच्या बैठकीत वाडीवरची एक कातकरी ताई म्हणाली, "आई वारली. तिची वीटभट्टीची उचल फिटली नव्हती. मालक म्हणतो, आता तू ये. मलाच फेडायला लागेल ना?" बऱ्याच जणींनी मान डोलावली. घेतलंय ते फेडायलाच हवं, असं आपण गटात रोज म्हणतो. आम्हालाही पटकन बोलता आलं नाही. त्यासाठी आज एक जुनी हकिगत.

आपला रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १५२१ साली बांधायला घेतला. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून विकायला आणत. निजामशाहीचा मोठा कारभारी मलिक अंबर हासुद्धा लहानपणी विकला गेलेला हबशीच.

याच पोर्तुगीजांची जहाजं आफ्रिकेतून अमेरिकेकडेही गुलाम नेत. १६१९ साली असं एक जहाज समुद्रात लुटलं गेलं आणि त्यातली वीसेक माणसं व्हर्जिनिया नावाच्या इंग्रजांच्या वसाहतीत विकली गेली. तिथे तेव्हा गुलामीचा कायदा नव्हता. काही जण वर्षानुवर्षं राबून सुटलेही. एलिझाबेथ की नावाच्या बाईची आई आफ्रिकन गुलाम, बाप इंग्रज. ती कोर्टात गेली आणि १६५६ मध्ये सुटली. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे मूल बापाच्या नावाने ओळखलं जायचं, हाही तिच्या बाजूचा एक मुद्दा होता.

मग १६६२ मध्ये तिथे कायदाच केला: मूल आईचं. आई गुलाम, तर मूलही गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली, तरी होणारं मूल त्याची मालमत्ता! बाईचं पोटच मालकाच्या नावावर चढलं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं, ते थेट १८६५ मध्ये थांबलं.

आपल्याकडे काय होतं? पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात, किमतीसकट. कुणबिणीचं पोरही धन्याचंच. इंग्रज सरकारने १८४३ साली कायदा करून गुलामीचा आधार काढून घेतला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. तिकडचं आणि इकडचं दुखणं एकच, हे त्यांनी ओळखलं होतं.

गुलामी गेली, तरी कर्जाची दोरी राहिली. दिवाळीनंतर घरं बंद होतात, जोडपी पोरं घेऊन भट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत. पाऊस आला तरी उचल फिटत नाही.

म्हणून १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा नीट ऐका. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, मजुरी नावापुरती, ही वेठबिगारी. असं कर्ज कायद्याने रद्द आहे. आईबापांकडून वारशाने आलेलं असलं तरीही रद्द. १६६२ च्या कायद्याने जी गाठ आईच्या पोटाशी मारली, तशीच गाठ आपल्या कायद्याने तोडली आहे.

गटाचं, बँकेचं कर्ज वेगळं, ते फेडायचंच. पण माणूस अडकवणारी उचल फेडायची नसते. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या. बाईला वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन करा.

त्या ताईला आम्ही उत्तर दिलं: "नाही, तुला फेडायला लागणार नाही." ती म्हणाली, "मग अर्ज लिहायला कोण येतंय?" तिघी उठल्या. तुमच्या वाडीवर असा प्रश्न आला, तर तुमच्यातूनही कोणीतरी उठा.